अण्णांचे पॉप्लर

परवा माझ्या लेकीच्या, नेहाच्या, अंगणात पॉप्लरच्या झाडाच्या चिकट कळ्यांचा वास आला आणि मी आधी नेहाला हाक मारली.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात राहत होतो. रत्नागिरीहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, अंगणाच्या कडेला पॉप्लरची रोपं लावली होती. समुद्रकाठच्या वाऱ्यातही ही झाडं टिकतात, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. एका दुपारी वादळी वारा सुटला. नेहाला डे-केअरमधून आणायला मी गाडी सुरू केली, तोच अण्णांनी हाक मारली.

"माधवी, जरा ये गं! ही दोरी धर, रोप उन्मळतंय."

"अण्णा, लेट होतंय मला," म्हणत मी चिडूनच उतरले. दोरी हातात घेतली आणि मागे कडाडकन आवाज झाला. शेजारचा जुना मेपल वृक्ष गाडीवर कोसळला होता. मी बसले होते तिथलं छत सीटला टेकलं होतं.

आमच्या हातातलं रोप वाकत होतं, पुन्हा सरळ होत होतं. अण्णांनी विचारलं,

"नेहा गाडीत नव्हती ना?"

मला आठवेचना. मग एकदम आठवलं. "डे-केअरला आहे, अण्णा!"

मी वाचले, असं सगळे म्हणतात. मला मात्र लेक कुठे आहे हे न आठवलेला तो क्षणच अजून आठवतो.