पिवळा गूळ आणि शिडाचं जहाज

पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर गूळ पावडर तळहातावर घेतली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गूळ पिवळाधमक होता.

"तात्या, हे काय केलंत?"

"झकास झालाय न्हवं?" तात्या हसत म्हणाले.

मी कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीत क्वालिटी बघते. ऊस रसायनाशिवाय वाढलाय का, गूळ नियमानं शिजलाय का, हे तपासायचं आणि माल सोडायचा. माझी सही झाल्याशिवाय पोतं हलत नाही. तात्या आमचे गुळवे, म्हणजे गूळ शिजवणारे. रस उकळायच्या काहिलीपुढं त्यांची हयात गेलेली. हा गूळ शिजला तेव्हा मी भूमकडं दुसऱ्या गटाच्या तपासणीला गेले होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांना सुचलं.

रसायन न घालता केलेला गूळ तांबूस काळपट होतो. रस उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. बाजारातल्या पिवळ्या गुळात बऱ्याचदा हायड्रोस नावाची पावडर असते. कपड्याला ब्लीच लावावं तसा ती रंग उडवते. सेंद्रिय मालात तिला बंदी आहे. चिमूट असो की पसा, लॅबमध्ये गंधकाचा अंश सापडला की माल नापास.

"किती टाकली?"

"लई न्हाय. शेजारच्या गुऱ्हाळावरून आणली. दर काहिलीला जराजरा."

"पण का?"

तात्यांना माझा प्रश्नच कळेना. "का म्हंजे? माल साता समुद्रापार चाललाय. पावण्यापुढं काळा गूळ ठिवायचा व्हय? गावाची इज्जत हाय का न्हाय?"

हा पाहुणा म्हणजे युरोपातली एक कॉफी कंपनी. कर्नाटकच्या डोंगरात झाडांच्या सावलीत रसायनाशिवाय पिकवलेली कॉफी ती शिडाच्या जहाजातून नेते. डिझेल जाळायचं नाही, वाऱ्यावर जायचं. कॉफीच्या जोडीला विकायला त्यांना गूळ पावडर हवी होती, म्हणून जहाजात थोडी जागा आमच्यासाठी राखलेली. त्यांना काळाच गूळ हवा होता. हे मी तात्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण परदेशातला माणूस मुद्दाम काळा गूळ मागेल, हे त्यांना पटेचना. मॅडमला गुळातलं काय कळतंय, असं वाटलं असणार.

मी ओरडले. वडिलांच्या वयाचा माणूस, पण काही राखून बोलले नाही. आज आठवलं तरी राग येतो, कारण तो सगळा गूळ एकट्या सुमनबाईंच्या उसाचा होता.

सुमनबाईंचं शेत मांजरेच्या काठाला. नवरा एसटीत ड्रायव्हर, शेती बाईच बघतात. सेंद्रिय म्हणून शिक्का मिळायला आधी तीन वर्षं जमिनीत रसायन जाता कामा नये. पहिल्या वर्षी त्यांचा ऊस इतका बारीक आला, की जाणारे-येणारे बांधावर थांबून हसायचे. जावांनी टोमणे मारले, नवऱ्यानं अबोला धरला. बाई हटल्या नाहीत. हा त्यांचा शिक्का मिळाल्यानंतरचा पहिला गूळ. आणि त्यातलं एक पोतंही वाचवण्यासारखं उरलं नव्हतं.

मी पुण्याच्या एक्स्पोर्टरला फोन लावला. आमचा माल तेच पाठवणार होते.

"मॅडम, जहाजाला महिनोन्महिने लागतात," ते म्हणाले. "हायड्रोसचा रंग टिकत नाही. तिथं पोचेपर्यंत गूळ आपोआप काळा पडेल. सही करून टाका."

रंगाचं त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच चीड आली. "रंग जाईल. गंधकाचं काय?"

"कोण तपासतंय? लोक स्टोरी विकत घेतात हो. शिडं, वारा, गावाकडची बाई. चव कोण बघतं!"

"मी तपासलंय. सही होणार नाही."

"मग शेतकऱ्याचं नुकसान तुमच्या डोक्यावर. इंजिनाचं जहाज चार दिवस थांबतं. हे वारा फिरायच्या आत निघणार."

तासाभरात त्यांचाच फोन आला. आवाज एकदम गोड. "बाईंचा ऊस पास आहे ना? मग झालं. मी दुसरीकडून काळा गूळ उचलतो. त्यांची छापलेली पोती तेवढी रिकामी करून ठेवा, टेम्पो पाठवतो."

त्या पोत्यांवर सुमनबाईंचा फोटो होता. खाली नाव आणि गाव. चोर तो चोर, वर शिरजोर! मी आमच्या सीईओंना सांगितलं. ते म्हणाले, "ते म्हणतात तसं करा. बाईलाही पैसे मिळतील. कुणाचं काय जातंय?"

सुमनबाई गुऱ्हाळावर आल्या. मी पावडरीचं सगळं सांगितलं. त्या आधी तात्यांवर तुटून पडल्या.

"तीन वर्सं म्या युरियाच्या दाण्याला शिवले न्हाय, तात्या! आन तुमी मुठीनं पावडर टाकली?"

तात्या खाली बघत म्हणाले, "चांगलं दिसावं म्हून केलं गं."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन तुमी कुठं व्हता? आमाला शिकवायला तेवढ्या येता!"

मी पुण्याचा उपाय त्यांच्या कानावर घातला. नुकसान त्यांचं, तेव्हा ठरवायचा हक्कही त्यांचाच.

"पैसे पूर्ण मिळतील," मी म्हणाले.

"गूळ कुणाचा?"

"माहीत नाही."

"त्यात पावडर हाय का न्हाय?"

"तेही माहीत नाही."

"आन फोटू माझा?"

"हो."

सुमनबाईंनी ताडपत्री अंथरली आणि त्या एकेक पोतं त्यावर रिकामं करायला लागल्या. तात्या मदतीला आले, तर त्यांना हातानंच लांब केलं. मी मात्र कामाला लागले. रिकामी पोती झटकून, घड्या घालून त्यांनी दोरीनं बांधली. तेवढ्यात टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, पोती न्यायला सांगितलंय.

"सांगणाऱ्याला सांगा," सुमनबाई म्हणाल्या, "माझं तोंड भाड्यानं मिळत न्हाय."

गठ्ठा स्कुटीवर पायापाशी ठेवून त्या निघून गेल्या.

जहाज कॉफी घेऊन गेलं. आमची जागा रिकामीच राहिली, असं ऐकलं. गूळ आम्ही कळंबच्या बाजारात साधा म्हणून विकला, पावडर घातलीय हे सांगून. व्यापारी म्हणाला, "रंग बघा की! असाच आणखी आणा." अर्थात भाव साध्या गुळाचाच मिळाला, तीन वर्षांची मेहनत त्यात कुठून निघणार? शेताचा शिक्का शाबूत राहिला, एवढंच. माझ्याकडून कंपनीनं लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, "माल नापास होता." पुण्याच्या साहेबांकडं कुणी खुलासा मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हापासून काहील चढली की मी चुलवाणापाशी खुर्ची टाकून बसते, तात्या कितीही फुगले तरी. आणि छापलेली रिकामी पोती कुलपात ठेवते. भरल्या पोत्याची चोरी एक वेळ परवडते, रिकाम्याची नाही.