म्हातारी खोकली नाही

बर्फात गाडी कशी चालवायची हे शटरवाल्या दादाला विचारू नये. विचारलं तर अख्खी दुपार गेलीच म्हणून समजा. पण तो जे सांगेल त्यात एक शब्द इकडचा तिकडे निघणार नाही. बाप गेला तेव्हा दादा आठवीत होता. त्याच आठवड्यात दप्तर खुंटीला अडकलं आणि हातात पाना आला. आज बाजारपेठेतली निम्मी दुकानं सकाळी उघडतात ती दादाने बसवलेली शटरं वर करून. धाकट्या भावाला त्याने शिकवलं, इंजिनिअर केलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहिलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला बघायला आलेल्या पोरी धाकट्याचा अभ्यास बघून परत जायच्या. एवढा हुशार भाऊ, आपलं काय निभणार म्हणून." यात खरं किती ते सोडा, सांगायचा मात्र झकास.

दुकानाच्या वर दोन खोल्या. एकीत पलंग, दुसरीत जेवायचं टेबल. त्या टेबलावर जेवण कधी व्हायचं नाही, कारण त्याच्यावर डोंगराचा नकाशा पसरलेला असायचा, चार कोपऱ्यांवर चार बेअरिंगं ठेवून. दादा ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवायचा आणि जेवता जेवता नकाशा बघायचा. वर्षातून चार-पाच वेळा फोर बाय फोर गाड्यांची मंडळी घेऊन तो रानवाटांनी जायचा, आणि थंडीत एकदा बर्फात. वाट शोधायची दादाने, ठरवायची दादाने, आणि पुढची गाडीही त्याचीच. गाडी जुनी, दोन ठिकाणी पत्रा बदललेला. पण तिच्या बॉनेटखाली म्हातारी होती.

म्हातारी म्हणजे हवा भरायचा कंप्रेसर. भंगारातल्या ट्रकच्या एसीचा काढून दादाने स्वतः बसवलेला, इंजिनावरून वेगळ्या पट्ट्याने चालणारा. सुरू झाली की आधी दोनदा घशात अडकल्यासारखं करायची आणि मग अशी खोकत सुटायची की पलीकडच्या डोंगरावरचे पक्षी उडावेत. बर्फात शिरायचं तर चाकांतली हवा निम्म्यावर आणावी लागते. मग चाक पसरतं, बर्फात रुतत नाही. पण परत पक्क्या रस्त्याला लागलं की हवा भरायलाच हवी, नाहीतर मऊ टायर तापतो आणि रिमवरून सुटतो. सगळ्या टोळीत हवा भरायचं साधन एकच, म्हातारी. त्यामुळे सहल संपली की सगळ्या गाड्या दादाच्या गाडीमागे रांगेत. एकेक चाक भरायचं म्हणजे वेळ लागणार. तोवर थर्मास उघडायचे, उकडलेली अंडी निघायची, कोण कुठे अडकला, कोणाला कोणी टोचन लावून ओढलं, त्याच्या गोष्टी रंगायच्या. दादा हातात नळी घेऊन मधोमध उभा, आणि सगळे त्याच्याभोवती.

खरं सांगायचं तर दादाची सहल तेव्हा सुरू व्हायची.

यंदा बर्फाची सहल ठरवताना दादाच्या अंगात वेगळंच वारं होतं. धाकटा येणार होता. पूर्वी तो दादाच्या शेजारी बसून नकाशा वाचायचा. मग नोकरी लांबच्या शहरात, मग लग्न, मग लेक. तीन हिवाळे शेजारच्या सीटवर नुसता थर्मास बसून येत होता. आणि परवा त्याचा फोन आला, "दादा, गाडी घेतली. फोर बाय फोर. आम्ही तिघं येतो यंदा."

"येतो काय, यायचंच," दादा म्हणाला. "तुझी गाडी माझ्या मागे राहील. बघतो तुला कोणी काय शिकवलंय ते."

"तूच शिकवलंयस."

"मग काळजी नाही."

फोन ठेवल्यावर दादाने नकाशावरची बेअरिंगं उचलली, पुसली आणि परत ठेवली.

मग त्याने ग्रुपवर सूचना बोलून टाकायला सुरुवात केली. ओढ्याशी डावीकडून शिरा. चढावर गिअर बदलू नका. चाकांच्या साखळ्या घरूनच एकदा चढवून बघा, तिथे बर्फात बोटं गोठल्यावर नाचाल. अशी लांबलचक. मंडळी ती ऐकत होती की नाही देव जाणे, उत्तराला एकेक अंगठा यायचा. दातांचे डॉक्टर तेवढे एकदा बोलले, "दादा, तुमचा आवाज ऐकत ऐकत काल छान झोप लागली." दादाने ते प्रशस्तिपत्र समजून दुकानातल्या कारागिराला ऐकवलं.

आधीच्या रविवारी तो एकटाच जाऊन वाट बघूनही आला. काठी खुपसून बर्फ किती खोल ते बघितलं. लहान मूल आहे म्हणून चहाला थांबायची जागा बदलली, वारा लागणार नाही आणि ऊन येईल अशी धरली. तिथे उभा राहून धाकट्याच्या लेकीला सांगायची एक गंमत त्याने मोठ्याने म्हणून बघितली. बर्फात आवाज विरून जातो. त्याला स्वतःलाच ती नीट ऐकू आली नाही.

सहलीच्या दिवशी सगळं दादाने म्हटलं होतं तसंच झालं. चार गाड्या. पुढे दादा, मागे धाकटा, मग दातांचे डॉक्टर, शेवटी चष्म्याच्या दुकानाचे मालक. ओढा पार झाला, चढ पार झाला. चष्मेवाले एकदा रुतले, तर दादाने ओढायचा पट्टा लावून एका झटक्यात बाहेर काढलं आणि म्हणाला, "दुसऱ्यांना चष्मे विकता, एक स्वतःला ठेवा की." सगळे हसले. धाकट्याची गाडी एकदाही अडली नाही. दादा आरशात बघत होता, पुढे कमी आणि मागेच जास्त. त्याला वॉकीटॉकीवर सांगायचं होतं, शाबास. पण म्हणाला, "क्लच जास्त दाबू नकोस."

चहाच्या जागेवर मात्र ऊन नव्हतं. ढग आले होते. धाकट्याची बायको लेकीला घेऊन गाडीतच बसली. काच खाली करून म्हणाली, "भावोजी, हिला थंडी बाधेल हो." दादाने गंमत सांगितली नाही. चहा उभ्या उभ्या झाला.

दुपार कलताना सगळे पक्क्या रस्त्यावर आले. वळणाजवळ मोकळी जागा होती, दरवर्षीची. दादाने आपली गाडी मधोमध लावली, मागे रांगेला जागा सोडून. बॉनेट उघडलं, नळी काढली, इंजिन सुरू करून म्हातारीचं बटण दाबलं.

आणि मागे वळून बघितलं तर रांग नव्हती.

डॉक्टर आपल्या गाडीच्या मागच्या दारातून एक लहानशी डबी काढत होते. चष्मेवाल्यांकडेही तसलीच. "ऑनलाइन मागवली," डॉक्टर तिकडून ओरडले. "तुम्हाला दरवेळी त्रास कशाला." डबी चाकाला जोडून चालू केली. दवाखान्यात दात कोरताना येतो तसा तिचा बारीक आवाज. धाकट्याने तर खोकं आत्ता पहिल्यांदा फोडलं होतं. सोबतचा कागद वाचत, गुडघा बर्फात टेकून, तो आपल्या चाकाशी बसला. तीन कोपऱ्यांत तीन गाड्या आणि ज्याची त्याची गुणगुण.

तेवढ्यात म्हातारीने घशात अडकल्यासारखं केलं, एकदा, दोनदा, आणि खोकलीच नाही. आत काहीतरी जाम झालं. पट्टा किंचाळला आणि तुटून खाली पडला. दादाने वाकून बघितलं. बेअरिंग बसलं होतं. इथे रस्त्यात होण्यासारखं काम नव्हतं.

त्याने पट्टा उचलून खिशात कोंबला आणि कोणी बघायच्या आत बॉनेट लावून टाकलं.

आता मागायची ती काय, चार चाकांची हवा. ज्याच्याकडे मागितली असती तो धावत आला असता. पण इतकी वर्षं ज्याच्या हातात नळी होती त्याने कोणाच्या डबीपुढे रांग लावायची? तीही त्या दात कोरणीपुढे? दादाच्या तोंडून तो शब्द फुटेना.

"दादा, तुमचं झालं?" चष्मेवाल्यांनी जाता जाता विचारलं.

"केव्हाच. म्हातारीपुढे तुमची खेळणी कुठे टिकतात."

ते हात हलवून गेले. डॉक्टर गेले. धाकटा हात चोळत आला.

"दादा, निघू का? पोर पेंगायला लागलीय."

"निघ की."

"तुझं आवरेपर्यंत थांबू?"

"कशाला? मला वाट सापडायची नाही? ही वाट शोधली कोणी?"

"तसं नाही रे."

"जा. लेकीला थंडी लागेल. आणि उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस."

"नाही धरत." धाकटा जरासा घुटमळला, दादाच्या गाडीच्या बॉनेटवर हलकेच थाप मारली आणि गेला.

दिवे वळणाआड गेले. दादाने थर्मास उघडला. तळाशी घोटभर चहा होता, गार झालेला. मागे उकडलेल्या अंड्यांचा डबा होता, सगळ्यांना पुरतील एवढी आणलेली. एकही संपलं नव्हतं. त्याने एक सोललं, मीठ लावलं, आणि न खाताच परत ठेवलं.

मग निघाला. मऊ चाकांवर, बैलगाडीच्या चालीने, चारी दिवे लुकलुकत ठेवून. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जायचे. एक दुधाची गाडी गेली, तिचा ड्रायव्हर मान वळवून बघत होता, काय हे सोंग म्हणून. दादाने मान ताठ ठेवली. उतार संपल्यावर पेट्रोल पंप होता, तिथे हवा मिळेल असा त्याचा हिशेब होता. पंप आला. हवेच्या मशीनवर पोतं घातलेलं होतं, आणि नळी कोणीतरी काढून नेली होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "महिना झाला बंद आहे. पुढे शहरातच."

दादा पंपाच्या कडेला गाडी लावून बसला. टायर हाताने चाचपले, कोमट लागले. शहर अजून बरंच लांब होतं. शेजारच्या सीटवर थर्मास आडवा पडला होता. त्याने तो उभा केला आणि उगाच सीटचा पट्टाही लावला त्याला.

फोन वाजला. धाकटा.

"पोहोचलास का रे?"

"आलोच जवळपास. तुम्ही?"

"आम्ही घाट उतरून चहाला थांबलोय. दादा, हवा भरलीस ना?"

"मग? तशीच चालवतोय का?"

"म्हातारीचा आवाज नाही आला मला."

"तुझ्या काचा वर होत्या."

"म्हातारी कधीपासून काचेला ऐकायला लागली? मी बाहेर होतो, चाकाशी बसलेलो. माझी चारही चाकं भरून होईपर्यंत कान तिकडेच होता. मला वाटलं, खोकेल आता. कधी खोकलीच नाही."

पंपावरचा माणूस झाडू घेऊन बर्फ लोटत होता, त्याच त्याच जागेवरून.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" शेवटी दादा म्हणाला.

"सगळ्यांसमोर? तू मला सोलून काढलं असतंस." धाकटा हसला, मग हसायचा थांबला. "कुठे आहेस? मी येतो."

"काही गरज नाही. पोर झोपलीय."

"झोपू दे, गाडीतच झोपलीय. कुठे आहेस ते सांग."

दादाच्या घशात दोनदा अडकलं. खिशात हात गेला, तुटलेला पट्टा बोटांना लागला. नको म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द वापरायची त्याला जन्माची सवय होती.

"तुझी ती डबी," तो म्हणाला, "माझ्या चाकांना पुरेल का पण? माझी चाकं मोठी आहेत."

"पुरेल. वेळ लागेल जरा."

"किती वेळ?"

"एकेक चाक म्हणजे बघ, बराच."

"मग ये," दादा म्हणाला. "बघू तरी कशी चालते. स्वस्तातली दिसते." आणि लगेच पुढे, "खालच्या पुलावरून येऊ नकोस, तिथे या वेळी बर्फ घट्ट होतो. वरच्या फाट्याने ये. पेट्रोल पंप दिसला की डावीकडे. चारी दिवे चालू ठेवलेत मी."

"येतो."

फोन ठेवून दादाने इंजिन सुरू केलं. गाडी जरा पुढे घेतली, मागे एक गाडी नीट उभी राहील एवढी जागा केली आणि खाली उतरला. अंड्यांचा डबा बॉनेटवर ठेवला, मग गार होतील म्हणून परत आत ठेवला. वर फाट्याकडचा रस्ता रिकामा होता. दादा खिशात हात घालून त्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. लेकीला सांगायची ती गंमत त्याने परत एकदा मनात घोळवली, यावेळी हळू आवाजात, कारण ती झोपलेली असणार होती.