निळ्या आभाळाची भीती

हुमनाबादहून हैदराबादला जाणाऱ्या बसमध्ये एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी होता. दम्याने बेजार झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मी तिकडच्या दवाखान्यात नेत होतो. तो सारखा खिडकीबाहेर हात काढून वारा बघायचा. गाडी थांबली की उतरून ऑफिसला फोन लावायचा, "ढग हायत का? वारा किती हाय?"

"कामून एवढं बघायलाव?" मी विचारलं.

शहरात उद्या ओझोन वायू किती वाढेल, हे सांगणं त्याचं काम होतं.

"गाड्यांच्या धुरावर कडक ऊन आलं आन वारा थांबला, की दुपारी त्यो वाढतो. छातीला लई वाईट. मागं मी एकदा हवा बरी राहील म्हणलो. वारा थांबला. शाळेच्या मैदानावर लेकरं धापा टाकायली होती. तवापासून आभाळ निळं दिसलं की भ्याव वाटतंय, रातीला झोप लागत न्हाई."

उतरताना तो म्हणाला, "उद्या दुपारी भायेर निघू नका, अक्का."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच दवाखाना गाठला आणि दुपारभर आतच बसलो. बाहेर ढग आले, वारा सुटला. त्याचा अंदाज साफ चुकला होता.

अक्का व्हरांड्यात उभी राहून सावकाश श्वास घेत म्हणाली, "आज तरी त्याला झोप लागंल."