चकाकवलेलं रिव्हॉल्वर

व्हर्लिन स्टॉफरच्या नजरेला आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरपट्ट्यात तोड नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर खुद्द व्हर्लिनला. जुनं हत्यार हातात घेतलं की तो किंमत सांगायचा, आणि सांगता सांगता कुणाची तरी सालटी काढायचा. शनिवारी त्याच्या बंदुका विकायच्या नि दुरुस्तीच्या दुकानात कॉफीच्या किटलीभोवती जमणारी मंडळी काय खरेदीला थोडीच येत! ती येत त्याचं बोलणं ऐकायला.

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता, दुकान गच्च भरलेलं. तेवढ्यात नदीपलीकडची ऑर्फा केसलर ही म्हातारी फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर घेऊन आली. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता. त्याची ही आवडती वस्तू विकून त्याच्या कबरीवर नीटसा दगड बसवायचा होता तिला.

व्हर्लिननं फडकं सोडलं आणि त्याचे डोळे लकाकले. खास नेमबाजीच्या स्पर्धांसाठी घडवलेलं, बावीस बोअरचं. एवढ्या लांब नळीचं तर त्यानं उभ्या आयुष्यात एखाददुसरंच पाहिलं असेल. मग त्यानं ते खिडकीशी उजेडात नेलं आणि त्याचं तोंड कडू झालं. नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोथटलेल्या, स्क्रूंच्या भोकांभोवती खळगे पडलेले. कुणीतरी पॉलिशच्या चाकावर धरून दणकून घासलं होतं आणि वर नवा निळसर काळा रंग चढवला होता. जुन्या हत्यारांच्या शौकिनांना वापरून झिजलेलं चालतं, मूळ रंग घालवून चकाकवलेलं चालत नाही. अर्धी किंमत तिथंच गेली, आणि म्हातारीचा अर्धा दगडही.

"बाई, हे ज्यानं केलं ना, त्याला घोड्याचे नालसुद्धा घासायला देऊ नयेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि ज्यानं त्या गाढवाच्या हातात हे दिलं, तोही शहाणाच म्हणायचा!"

मंडळी खो खो हसली. ऑर्फा हसली नाही. ती काउंटरवर वाकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू बोलली.

"तुम्हीच केलंय हे, व्हर्लिन. दुकान नवीन होतं तुमचं, बायकोला दिवस गेलेले. ह्यांनी नुसती स्प्रिंग बदलायला दिलं होतं, तुम्ही हौसेनं चकाकवूनच परत दिलंत. घरी येऊन रडले हो हे. पण म्हणाले, बोललो तर त्या पोराचं दुकान बसेल. पुन्हा कधी कुणाला दाखवलं नाही."

व्हर्लिनला तो उंच, अबोल माणूस आठवला. पैसे चुकते करून, वर त्याचा हात हातात घेऊन आभार मानून गेलेला. त्या वेळी साध्यातला नि दुर्मिळातला फरक तरी कुठं कळत होता व्हर्लिनला! आणि आज त्याच माणसाला, तो मेल्यावर, त्याच्या बायकोसमोर चारचौघांत मूर्ख ठरवून बसला होता तो. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"काय रे व्हर्लिन, कोण ते गाढव?" किटलीपाशी बसलेल्या बड श्रेकनं विचारलं. "नाव तर कळू दे."

एकच शब्द बोलायचा होता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि रिव्हॉल्वर पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतलं. सगळे वाट बघत होते.

"कोण जाणे, बाबा," शेवटी ऑर्फाच वळून म्हणाली. "आमच्या ह्यांनीच कुठंतरी नेऊन करून आणलं असेल. त्यांना हत्यारातलं काही कळायचं नाही."

मंडळी पुन्हा हसली, आणि व्हर्लिननं त्यांना हसू दिलं.