परतीचा सामना

असं समजा की तुमच्याकडे फुटबॉलचा एक संघ आहे. आपल्या ओळखीचा फुटबॉल नाही, अमेरिकन. हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि लंबगोल चेंडूवाला. पन्नासेक मुलं आहेत, प्रशिक्षक आहे, मैदान आहे. ऑक्टोबर ते मार्चमधले रविवार मोकळे आहेत. फक्त समोर खेळायला कोणी नाही. आता तुम्ही फोन उचलायचा आणि सहा सामने जमवायचे. बाकी सगळ्यांची वेळापत्रकं आधीच भरलेली आहेत, त्यामुळे कुणाचा कुठला रविवार रिकामा आहे ते तुम्हीच हुडकायचं. त्या रविवारी तुमचं मैदान मोकळं पाहिजे, पंच मिळाले पाहिजेत, ॲम्ब्युलन्स मिळाली पाहिजे. ती येऊन उभी राहिल्याशिवाय इथे नाणेफेकसुद्धा होत नाही. परीक्षा वगळा. नाताळ वगळा. लागोपाठ दोन लांबचे प्रवास नकोत, मुलं सोमवारी वर्गात झोपतात. जमले का? किती, दोन?

बर्मिंगहॅमच्या एका विद्यापीठात परीक्षित खैरे हेच काम करत होता, आणि त्याचे पाच झाले होते.

परीक्षित मूळचा पुण्याचा, सिंहगड रोडचा. शिकला कॉम्प्युटर, आणि विद्यापीठात त्याची नोकरी वर्गखोल्यांचं वेळापत्रक लावण्याची. कुठला तास कुठल्या खोलीत, कुठल्या प्राध्यापकाला शुक्रवारी दुपारी शिकवायचं नाही, कुठल्या खोलीतला प्रोजेक्टर मेला आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. एकदा क्रीडा विभागाचा माणूस रजेवर गेला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, परीक्षितला द्या, वेळापत्रक ते वेळापत्रक. तेव्हापासून फुटबॉलचे सामने लावायचं काम त्याच्याकडे चिकटलं. खेळ त्याला अजूनही धड कळत नव्हता. दोन मुलं एकमेकांवर आदळली की तो दुसरीकडे बघायचा.

गेलं वर्षभर त्याला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं होतं. वाईट असं नाही. सकाळी बस, दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी गरम केलेली आमटी. पुण्याहून भावाला मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा तो 'अरे वा!' म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर आपण नुसतंच म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टरने रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं. ते इथल्या प्रत्येक भारतीयाचं निघतं.

तर झालं असं होतं की विद्यापीठाने आपली कॉन्फरन्स सोडली. कॉन्फरन्स म्हणजे जवळपासच्या विद्यापीठांचा गट. गटातले सगळे एकमेकांशी खेळतात आणि वेळापत्रक आपोआप लागतं. क्रीडा विभागाच्या प्रमुखाला, ग्रेगला, वरच्या दर्जाच्या मोठ्या गटात जायचं होतं. मोठ्या गटाने 'या' म्हटलं, पण एक वर्षानंतर. जुन्या गटाने म्हटलं, जायचंच आहे तर आत्ताच जा. मधलं एक वर्ष संघ कुणाचाच नव्हता.

"सहा सामने झाले पाहिजेत," ग्रेगने परीक्षितला सांगितलं. "सहाच्या खाली गेलो तर संघ पॉझवर टाकावा लागेल, आणि रविवारचं मैदान लॅक्रॉस खेळणाऱ्यांना. तात्पुरतं हं."

तात्पुरतं म्हणजे काय ते परीक्षितला ठाऊक होतं. महिलांचा वॉटर पोलोचा संघ असाच तात्पुरता थांबला होता. आता त्या वेळेला तलावात निवृत्त लोकांचा व्यायामाचा वर्ग होतो, आणि तो छान चालतो.

त्याने चौकटी आखल्या. ज्या गटात सात संघ, तिथे दर आठवड्याला एक संघ बसून राहणार, कारण सातांच्या पूर्ण जोड्या लागत नाहीत. असे बसलेले संघ त्याने शोधले आणि एकेकाला फोन केला. एका संघाच्या प्रशिक्षकाने तर त्याला विचारलं, "तुम्ही विमा विकता का?" असे करत पाच जमले. सहाव्यासाठी इंग्लंडमध्ये कोणी उरलं नाही. उरली ग्लासगोची शशी.

शशी कारखानीस ग्लासगोत जन्मली, वाढली. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघाचं सगळं बघणारी. सामन्यांच्या वार्षिक बैठकीत चहाच्या मशीनने परीक्षितला सलग तिसऱ्यांदा नुसतं गरम पाणी दिलं, तेव्हा तो स्वतःशी म्हणाला होता, "घ्या, प्या आता." मागून आवाज आला, "तो मशीन तसाच आहे. लाथ मार." अशी ओळख झाली.

त्याने फोन केला. तिच्या संघाचा फेब्रुवारीतला एक रविवार रिकामा होता.

"बर्मिंगहॅम? बसने?" शशी म्हणाली. "सिक्स अवर्स रे. आणि हा मॅच आमच्या टेबलमध्ये काउंट पण नाही होणार."

"नाही होणार. खरं आहे."

"मग मी मुलांना काय सांगू?"

"सांग, बर्मिंगहॅम बघायला मिळेल."

"तू बघितलंय ना बर्मिंगहॅम?" ती हसली. मग म्हणाली, "ओके, ऐक. आम्ही येतो. पण पुढच्या वर्षी तुम्ही यायचं. इकडे, आमच्या ग्राउंडवर. आम्हाला सगळे बोलवतात. इंग्लंडमधून इकडे कोणी येतच नाही."

"हो हो, येऊ की," परीक्षित म्हणाला. "नक्की. त्यात काय!"

हे वाक्य तो जन्मापासून ऐकत आणि म्हणत आला होता. लग्नात भेटलेले लोक म्हणतात, या ना एकदा घरी. आपण म्हणतो, येऊ की, नक्की. कोणी डायरी काढत नाही. जाताना ते पुन्हा म्हणतात, आपण पुन्हा म्हणतो, आणि सगळे आनंदाने आपापल्या घरी जातात. नाही म्हणणं हा उद्धटपणा. परीक्षितच्या आईला अशा निदान शंभर घरी जायचं होतं.

पुढच्या वर्षी आपण मोठ्या गटात असणार, तिथे रिकामा रविवार मिळणं अवघड, हे त्याला माहीत होतं. त्या क्षणी ते त्याच्या मनात आलंसुद्धा नाही. सहावी चौकट हिरवी झाली. ग्रेगने पाठीवर थाप मारली. परीक्षितने जेवणाचा डबा उघडला आणि खाल्ला.

ग्लासगोचा संघ आला तेव्हा बारीक बर्फ पडत होता आणि पडताच वितळत होता. बसमधून मुलं उतरली ती पाय झटकत, जांभया देत. बर्मिंगहॅमचा कप्तान कबीर परीक्षितला म्हणाला, "यांना खेळायचंय की झोपायचंय?" पहिल्या अर्ध्या तासात कबीरच्या संघाने तीनदा गुण घेतले. ग्लासगोची मुलं मात्र शेवटपर्यंत पळत राहिली.

शशी कडेला उभी होती, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात दुखऱ्या सांध्यांना गुंडाळायच्या टेपचं बंडल.

"वाईट हरतोय आम्ही," ती म्हणाली.

"प्रवास झाला ना एवढा."

"हो. पुढच्या वर्षी तुमची मुलं अशी उतरतील बसमधून. मग बघू." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी नोव्हेंबरचा सेकंड संडे ठेवलाय. ग्राउंडवाल्यांना सांगितलं. बाबांना कॉइन टॉस करायला लावणार आहे. ते आत्ताच प्रॅक्टिस करतात, सोफ्यावर बसून. नाणं सोफ्याखाली जातं, मग आई ओरडते."

तिचे वडील कमलाकर कारखानीस, निवृत्त डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढे.

परीक्षितला तेव्हा कळलं, की ही खरंच वाट बघणार आहे. हे कळलं ते एखादी तारीख चुकल्याचं कळावं तसं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बोलायला हीच वेळ होती. समोर एक मुलगा चिखलात आपटला, शिट्टी वाजली, शशी टेप घेऊन धावली. ती परत आली तेव्हा तो म्हणाला, "बाबांना नमस्कार सांग."

"तूच सांग ना, येशील तेव्हा."

"हो, हो," परीक्षित म्हणाला.

सहा सामने पूर्ण झाले. संघ वाचला. मे महिन्यात मोठ्या गटाचं वेळापत्रक आलं, कुणाला एकही फोन न करता, सगळं भरलेलं. मोकळा रविवार एकच, आणि तो जानेवारीतल्या परीक्षांच्या मधोमध. परीक्षितने नोव्हेंबरचा दुसरा रविवार पाहिला. तिथे न्यूकॅसलच्या एका संघाचं नाव होतं. बदलून मिळेल का, असं त्याने गटाला विचारलं. पहिल्याच वर्षी बदल मागू नका, असं सौम्य उत्तर आलं.

तो ग्रेगकडे गेला.

"तू सही केलीस कशावर?" ग्रेगने विचारलं.

"नाही. फोनवर म्हणालो होतो."

"मग सामना ठरलेलाच नाही," ग्रेग म्हणाला, आणि ते नियमाप्रमाणे बरोबर होतं.

परीक्षितने शशीला संध्याकाळी फोन केला. आधी तिच्या संघाची चौकशी केली, मग हवेची. शशी म्हणाली, "तू काहीतरी वाईट सांगणार आहेस. हॉस्पिटलमध्ये लोक असंच सुरू करतात."

त्याने सांगितलं.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"पण तू नक्की म्हणाला होतास."

"म्हणालो गं. पण ते... आपल्यात म्हणतात ना तसं."

"आपल्यात म्हणजे कोणात?"

तो म्हणाला, "सप्टेंबरमध्ये बघूया का? सीझनच्या आधी?"

"सप्टेंबरमध्ये आमची टर्म सुरू झालेली असते. तुमची नाही. तू काय एकटा येणार, हेल्मेट घालून?"

तो हसला. ती हसली नव्हती, हे त्याला हसल्यावर कळलं.

"मी लहान होते ना," शशी म्हणाली, "तेव्हा इंडियातून फोन यायचे. काका, मावशी, बाबांचे फ्रेंड्स. सगळे म्हणायचे, समरमध्ये येतो ग्लासगोला, नक्की. बाबा स्पेअर रूम पेंट करायचे. दरवर्षी. मी आईला विचारायची, कधी येणार? आई म्हणायची, अगं, ते म्हणतात फक्त. मला कळायचंच नाही, म्हणतात फक्त म्हणजे काय. मला वाटलं तू इथे जॉब करतोस, फिक्स्चर्सचा जॉब. तू म्हणालास म्हणजे फिक्स्चर, ठरलेला मॅच."

"सॉरी, शशी."

"ओके. मी ग्राउंडवाल्यांना सांगते." मग हळू आवाजात, "बाबांना मीच सांगते."

तिने फोन ठेवला. परीक्षितने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि कूकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात खाली लागला, तसाच खाल्ला.

पुढच्या आठवड्यांत त्याने आणखी तीन मार्ग काढून पाहिले. दुसरा संघ पाठवणं. पण दुसरा संघ उभा राहण्याइतकी मुलं नव्हती. शनिवारी ग्लासगो आणि रविवारी न्यूकॅसल. एवढ्या धक्काबुक्कीच्या खेळात लागोपाठ दोन दिवस उतरू द्यायला प्रशिक्षक तयार नव्हता. त्या पुढच्या वर्षाचा एखादा रविवार. पण मोठ्या गटाची वेळापत्रकं तेवढी आधी येत नाहीत, आणि पुन्हा एकदा 'बघू' म्हणायला त्याची जीभ वळेना. कोणी बोलावलं तर आता तो "नाही जमणार" असं तोंडावर सांगू लागला. ऑफिसातल्या इंग्रजांनाही ते थोडं रुक्ष वाटायचं.

जुलैत सामन्यांची वार्षिक बैठक लीड्सला झाली. शशी आली होती. चहाच्या रांगेत ती त्याच्या पुढे होती.

"कसा आहेस?" तिने विचारलं.

"ठीक. बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. रूम पेंट करतायत." तिने साखरेची पुडी फाडली. "या वेळी कोणासाठी ते मी विचारलं नाही."

मग शशी आणि शेफील्डची एक बाई पंचांच्या तुटवड्याबद्दल बोलल्या. परीक्षित शेजारी कप धरून उभा राहिला. तिचा रविवार भरला का, हे त्याने विचारलं नाही. समोरच्या पडद्यावर सगळ्या गटांची वेळापत्रकं दिसत होती. ग्लासगोच्या ओळीत नोव्हेंबरचा दुसरा रविवार पांढरा होता.

त्याला तिला वेगळंच विचारायचं होतं. बैठकभर ते त्याच्या तोंडात होतं, परतीच्या गाडीतही. त्या पहिल्या फोनवर आपण सरळ म्हणालो असतो, शशी, आम्हाला यायला जमणार नाही, पण तुम्ही या. तर सहा तास बसमध्ये बसून ती आली असती का?