पॅनेल रूममधला वास

"साहेब, परत आला," इंटरकॉमवर पवार म्हणाला. "पोरांना बाहेर काढतोय. पण या वेळी मी आत जाणार नाही. आधीच सांगतो."

पवार आमचा शिफ्ट इन्चार्ज. साताऱ्याकडचा, सहजी न हलणारा गडी. मी फोन ठेवला आणि धावलो.

मी नवी मुंबईत पावण्यातल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या एका प्रक्रियेत सल्फाइड वापरतात. त्याला चुकून ॲसिड लागलं की एच-टू-एस नावाचा गॅस सुटतो. वास सडक्या अंड्यासारखा. गॅस मोठा लबाड. थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. आणि तो तिथेच पडतो. म्हणून आमच्याकडे एकच नियम: वास आला की आधी बाहेर, वाद नंतर.

त्या आठवड्यात आम्ही तिसऱ्यांदा बाहेर पडत होतो.

पहिल्यांदा वास आला तेव्हा मी पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, तोंडाला मास्क लावून पॅनेल रूममध्ये गेलो होतो. पॅनेल रूम म्हणजे सगळ्या रिॲक्टरांचं तापमान आणि प्रेशर जिथे पडद्यावर दिसतं ती एसी खोली. हातातलं मीटर शून्य दाखवत होतं. स्क्रबर पाहिला. गॅस कॉस्टिकच्या पाण्याने धुऊन काढणारा तो मनोरा नीट चालू होता. काहीच सापडलं नाही.

दुसऱ्यांदा मला एसीखालची कोरडी पडलेली गटाराची जाळी सापडली. जाळीखाली पाणी साचलेलं नसेल तर गटाराचा वास खोलीत येतो. मी तिथे बादलीभर पाणी ओतलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मिळालं कारण."

आता तिसरी वेळ होती आणि माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

गेटजवळच्या वजनकाट्यापाशी आमची जमण्याची जागा आहे. तिथे माणसं उभी होती. प्लँट मॅनेजर नायर साहेब माझ्याकडे आले. केरळचे, पण वाशीत आयुष्य काढलेले.

"सावंत, रिॲक्टरमध्ये बॅच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कूलिंग चालू आहे, पण पॅनेलवर कोणी नाही. टेंपरेचर चढलं तर कोण बघणार?"

हे खरं दुखणं होतं. रिॲक्टरमधली बॅच म्हणजे चुलीवरचं दूध. सोडून निघून जाता येत नाही. माणसांना आत पाठवावं तर गॅसची भीती, न पाठवावं तर बॅचची.

"हजेरी घेतली?" मी पवारला विचारलं.

तो माणसं मोजत होता. मोजता मोजता थांबला. परत पहिल्यापासून मोजली.

"बाळाराम नाही, साहेब."

"पॅनेलवर कोण होतं?"

"बाळारामच."

बाळाराम म्हात्रे शिरवण्याचा. इथल्याच मातीतला आगरी माणूस. कारखान्यांसाठी जमीन गेली तेव्हा नोकरीला लागलेली पिढी त्याच्या बापाची, हा त्याच्या मागून आला. बरेच महिने आजारी रजेवर होता. कामगारांत चर्चा अशी की मूळव्याधीचं मोठं ऑपरेशन झालं. फिट सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, 'पोटाची शस्त्रक्रिया, जड काम नको.' म्हणून त्याला खाली प्लँटमध्ये न ठेवता पॅनेलवर बसवला होता.

मी सिलिंडर बांधला. नायर साहेबांनी दुसरा उचलला.

"तुम्ही नको," मी म्हणालो.

"पॅनेल बघायला कोणी पाहिजे ना? तू माणूस शोध. मी टेंपरेचर बघतो."

आम्ही दोघं आत गेलो. पाठीवरचा सिलिंडर फार वेळ पुरत नाही. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास कानात घुमतो, बाकी काही ऐकू येत नाही. पॅनेल रूम रिकामी. खुर्ची मागे सरकवलेली. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मीटर शून्य. नायर साहेब पडद्यासमोर बसले आणि त्यांनी अंगठा दाखवला. बॅच ठीक होती.

मी मागच्या पॅसेजमध्ये गेलो. टॉयलेटचं दार आतून बंद. मी बुक्क्या मारल्या. काही उत्तर नाही. दार तोडायला मागे सरलो, तेवढ्यात कडी निघाली.

बाळाराम उभा होता. घामाने डबडबलेला, शर्ट अर्धवट खोचलेला. हातात प्लास्टिकची छोटी बाटली, लेबल नसलेली. मी दंड धरला आणि मागच्या दाराने त्याला उघड्यावर आणला. तिथे मास्क काढला. सडक्या अंड्याचा वास नव्हताच. नाकात घुसला तो स्विमिंग पूलचा वास. क्लोरीनचा. आणि तो बाळारामच्या अंगाला येत होता.

"बाटलीत काय आहे?"

"पानी हाय, सायेब."

मी झाकण उघडून लांबूनच हुंगलं. हायपो होता. हायपो म्हणजे सांडपाणी शुद्ध करायला आम्ही वापरतो ते ब्लीचिंगचं पाणी. घरच्या फरशीच्या ब्लीचपेक्षा कितीतरी जहाल.

"हे घेऊन टॉयलेटमध्ये काय करत होतास? प्यायलास काही?"

"नाय वो! पिऊन कशाला?" तो एकदम म्हणाला आणि मग खाली बघायला लागला. "सायेब, कोनाला सांगू नका."

मी त्याला फर्स्ट एड रूममध्ये नेलं आणि दार लावलं. त्याने शर्ट वर केला. पोटाच्या डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती.

"मूलव्याध नव्हती," तो म्हणाला. "क्यान्सर होता. खालची वाट बंद केली. आता हितून होतं."

याला कोलोस्टॉमी म्हणतात. आतड्याचं तोंड पोटावर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. शौच पिशवीत जमतं. माणूस खातो, पितो, काम करतो. पण कधी व्हायचं ते त्याच्या हातात राहत नाही. पिशवीत गॅस जमला की ती फुगते. बाळारामची शर्टाखाली फुगायची. म्हणून त्याने तिला वरच्या बाजूला सुईने भोक पाडलं होतं. आत चिकटू नये म्हणून घरचं खोबरेल तेल सढळ हाताने ओतलं होतं. ते कडेला झिरपून चिकटपट्टी सुटत होती. भोकातून वास, कडेतून वास, आणि खोली एसीची, बंद.

"पहिल्या वेलेला पोरं पलाली तवाच मना कललं, ह्यो आपलाच वास," तो म्हणाला. "पन सांगनार कसा? आज घरून निघताना ठरवला, वास मारायचाच. हायपोनं गटाराचा वास मरतो. मग ह्याचा मरल म्हनून..."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "पिशवीत घातलास?"

"थोडा पानी मिसलून."

"कधी?"

"आत्ताच. तुमी दार ठोकलात तवा."

"आग होतेय?"

"जरा पन नाय. म्हनून तर म्हनतो, काय झाला नाय मना."

तो अगदी शांतपणे सांगत होता. माझ्या जिवाला मात्र बरं वाटेना. हायपोने हातमोजे विरतात. आतड्याला काही होणार नाही?

त्याच्या मोबाइलमध्ये नेरूळच्या हॉस्पिटलातल्या स्टोमा नर्सचा नंबर होता. लीना सिस्टर. मी लावला आणि थोडक्यात सांगितलं.

"दुखत नाही म्हणतोय," मी म्हणालो.

"दुखणारच नाही!" त्या जवळजवळ ओरडल्या. "स्टोमाला दुखण्याची जाणीवच नसते. जळला तरी कळत नाही. पिशवी काढा. आत्ता. साधं पाणी सोडा त्याच्यावर, हळू धारेने. बराच वेळ. घासू नका, दुसरं काही लावू नका. रंग कसा आहे?"

मी पिशवी काढली. माझ्या नोकरीत मी भाजलेली, कापलेली माणसं पाहिलीत. हे कधी पाहिलं नव्हतं. लालसर मांसाचं बटण असावं तसं काहीतरी. पण एका कडेला ते पांढुरकं पडलं होतं आणि भोवतीची कातडी लालेलाल झाली होती.

"पांढरं झालंय, एका बाजूला."

"धूत राहा. मग ओलं स्वच्छ गॉज ठेवून इकडे आणा. मी सर्जनना सांगते."

मी धूत राहिलो. बाळाराम छताकडे बघत पडला होता. "सायेब, तुमाला घान वाटत असंल," तो म्हणाला. मी म्हटलं, "हलू नकोस, पाणी दुसरीकडे जातंय."

गॉज लावून, ॲम्ब्युलन्स मागवून मी बाहेर आलो. आता दुसरी अडचण उभी होती. नायर साहेबांचा सिलिंडर संपत आला होता, ते बाहेर येऊन थांबले होते. पॅनेल पुन्हा रिकामं.

"गॅस नाही," मी पवारला म्हणालो. "आत जा, पॅनेलवर बस."

"कशावरून?"

"कारण कळलंय."

"परवा पण कळलं होतं तुम्हाला. गटाराची जाळी."

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब कंपनीला वाचवतायत."

"काय कारण आहे ते सांगा," पवार म्हणाला. "मी लगेच जातो. माझी दोन पोरं आहेत साहेब घरी. उगाच म्हणत नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. खोटं कारण सांगणं सोपं होतं: वॉशर बदलला, व्हॉल्व्ह आवळला. पण सेफ्टी ऑफिसरने एकदा खोटं सांगितलं की पुढे खऱ्या गळतीलाही कोणी त्याचं ऐकत नाही. आणि खरं कारण माझं नव्हतं. ज्याचं होतं तो आत टेबलावर पडला होता.

"वास प्रोसेसचा नाही," मी म्हणालो. "याच्यापुढे मी सांगू शकत नाही. तुमच्याबरोबर मी स्वतः मास्कशिवाय आत बसतो."

कोणी हललं नाही. नायर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर मास्कचा वळ उमटला होता.

तेवढ्यात फर्स्ट एड रूमचं दार उघडलं. बाळाराम पोटावर टॉवेल दाबून, एका हाताने भिंतीला धरत बाहेर आला. ॲम्ब्युलन्स गेटच्या बाजूला होती, त्याला वजनकाट्यावरूनच जायचं होतं. मला वाटलं, मान खाली घालून निघून जाईल. तो पवारसमोर थांबला.

"काय बघता रे? कामाला लागा. वास माजा होता."

कोणाला काही कळेना. त्याने टॉवेल जरासा बाजूला केला. गॉज दिसलं.

"हितून बाहेर काडलीय वाट. पिशवी लावतो. तीच फुटली. गॅस-बिस काय नाय."

पवारने आधी गॉजकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. म्हणाला, "बाळारामदादा, आधी बोलायचं ना यार. तीन वेळा जीव घेऊन पळालो आम्ही."

"मीच सगल्यात पुडे पलालो असतो, पन पिशवी धरून पलता येत नाय."

पहिला हसला तो बाळारामच. मग दोघंतिघं. पवार हसला नाही. त्याने बाळारामच्या खांद्याला हात लावला, वळला आणि पॅनेल रूमकडे चालू लागला. दोन ऑपरेटर त्याच्या मागे गेले. बॅच वाचली.

हॉस्पिटलमध्ये सर्जननी स्टोमा तपासला. वरचा थर भाजला होता, खोल काही नव्हतं. "आणखी काही वेळ राहिलं असतं तर आज ऑपरेशन टेबलवर असता," ते म्हणाले. त्याला दोन-चार दिवस ठेवून घेतलं.

लीना सिस्टरनी आधी त्याला झापला. डिस्चार्जनंतर तो एकदाच त्यांच्याकडे आला होता. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि नवी पिशवी हातात घेऊन दाखवायला लागल्या. मीही ऐकत उभा राहिलो.

"तेल चालतं. पण चार थेंब. बेबी ऑइल घ्या नाहीतर घरचं गोडं तेल. रिकाम्या पिशवीत टाकायचं आणि बाहेरून चोळून आत पसरवायचं. पट्टीला आणि कातडीला लागता कामा नये. मग मळ वर चिकटून बसत नाही, खाली सरकतो. वासाला बिनअल्कोहोलचं माउथवॉश, तेही थोडंसं. पिशवी रिकामी केली की खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा. हायपो नाही, फिनेल नाही, डांबरगोळी नाही. डोकेदुखीची गोळीही टाकतात काही जण. तिने स्टोमातून रक्त येतं. आणि भोक तर कधीच पाडायचं नाही. गॅस गाळून सोडणाऱ्या फिल्टरच्या पिशव्या मिळतात, त्या घ्या."

"आनि जेवाय?"

"ड्युटीच्या आदल्या रात्री काय खाता?"

"सुकट. अंडी."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"सुकट सुट्टीच्या दिवशी," त्या म्हणाल्या.

बाळाराम बरा होऊन परत आला. नायर साहेबांनी एवढंच विचारलं, "अनफिट करायचं का?" मी म्हटलं, "पॅनेलवर बसायला आतड्याची वाट कुठून आहे याने काय फरक पडतो?" त्यांनी पुढे विचारलं नाही. पॅसेजमधल्या टॉयलेटमध्ये आम्ही हातात धरायचा पाण्याचा जेट, एक आरसा, पिशवी अडकवायला हूक आणि बंद झाकणाचा कचऱ्याचा डबा बसवला. हायपोच्या टाकीच्या नळाला कुलूप आलं. आता बाळाराम ड्युटीच्या मध्येच उठून म्हणतो, "पवार, पाच मिन्टं पॅनेल बग," आणि पवार खुर्चीत सरकतो. कोणी काही विचारत नाही.

या प्रकरणानंतर मी एकच गोष्ट बदलली. मोठ्या आजारातून परत आलेल्या माणसाला मी "बरं आहे ना आता?" असं विचारत नाही. त्यावर सगळे "हो" म्हणतात. मी विचारतो, "काम करायला तुला काय लागेल?" सुरुवातीला लोक गोंधळतात. पण बहुतेकांना सांगायचं काहीतरी असतं.