ड्राइव्हवेवरचे झेंडे

फोन तीनदा वाजला. मी उचलला नाही. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या या घरात दुपारी एकटा असलो की मी फोन उचलत नाही, कुणी इंग्रजीत काही विचारलं तर काय सांगायचं... तो माझ्या मुलाचा, मुकुंदाचा फोन होता, हॉस्पिटलमधून. शेवटी सून गाडी घेऊन घरी आली आणि दारातच म्हणाली, “बाबा, आई गेल्या.” पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि ही बातमीसुद्धा मी भीतीपायी उशिरा ऐकली. त्याला आता सहा-सात आठवडे झाले.

मी सातवी शिकलेला माणूस. कराडला पिठाची गिरणी चालवली, मुलानं बोलावलं म्हणून इकडं आलो. आल्यापासून मला सगळ्याचीच भीती. पोलिसाची गाडी नुसती रस्त्यानं गेली तरी खिशातलं ग्रीन कार्ड चाचपतो. हिचं उलटं. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी शब्द दहा-बारा, पण दाराची बेल वाजली की हीच पुढं आणि मी जिन्यामागं. “तुम्ही काय चोर आहात का?” म्हणून हसायची.

दर बुधवारी ती सीनियर सेंटरला जायची. तिथं एक रिटायर्ड टीचर जुनी अमेरिकन चित्रं दाखवायच्या. गेल्या वर्षी जून संपता संपता त्यांनी चार जुलैची, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाची, चित्रं दाखवली. एकात खेड्यातली माणसं झाडाखाली खात-पीत बसलेली, पोरं, कुत्री, सगळा गोंधळ. दुसऱ्यात शहरातला रस्ता आणि दोन्ही बाजूंनी झेंडेच झेंडे. ही घरी येऊन सांगायला लागली, “जवळून बघितलं तर झेंडा दिसतच नाही हो, नुसते रंगाचे फटकारे. मागं सरकलं की वारा सुटतो.” मला काय कळणार. मी मान हलवली. तर म्हणाली, “सगळ्या चित्रांत शोधलं, तुमच्यासारखा घाबरलेला माणूस एकही नाही.”

चार जुलैला सकाळी बाहेर आलो तर चित्रातला तो रस्ता आमच्या ड्राइव्हवेवर. दिवाळीची उरलेली रांगोळी, तांबडी, निळी, पांढरी. चिमटीनं असे झेंडे सोडले होते की हलतायत असं वाटावं. खाली मुंगीएवढी माणसं, त्यातल्या एका बाईला हिनं नऊवारी नेसवलेली. आपल्यात सणाला दारात रांगोळी काढणं म्हणजे मान. पण हा यांचा झेंडा, आणि जमिनीवर, पायाखाली... समोर राहणारे रॉन फौजेतून रिटायर झालेले. झेंडा उतरवताना त्याचं टोक गवताला लागू देत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, कोर्ट, परतीचं विमान, सगळं उभं राहिलं. मी बागेचा पाइप ओढत आणला आणि पाणी सोडलं. ती ओरडली नाही. “अहो, थांबा...” एवढंच म्हणाली. मी थांबलो नाही.

अर्धी रांगोळी वाहून गेली तेवढ्यात रॉन रस्ता ओलांडून आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. कडेकडेनं फिरले, कुठं पाय पडू दिला नाही. मग विचारलं, हे कुणी काढलं? हिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “नॉट वाइफ. चिल्ड्रन. नेबर चिल्ड्रन.” ते उरलेल्या अर्ध्या रांगोळीकडं बघत राहिले, फार सुंदर आहे म्हणाले, आणि गेले.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. चहा दिला, जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना म्हणाली, “पुसलीत त्याचं काही नाही. रांगोळी पुसली जायचीच. पण माझी आहे म्हणायला काय झालं होतं?”

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला लागलो. पुढं तिचं आजारपण निघालं, केमो सुरू झाली, आणि ते उत्तर द्यायचं तसंच राहिलं.

यंदाच्या चार जुलैला घरातले सगळे झोपलेले असताना मी चपला घातल्या. समोर रॉन झेंडा चढवत होते. रस्ता पंधरा पावलांचा, पण मी तो एकट्यानं कधी ओलांडला नव्हता. “लास्ट इयर फ्लॅग,” मी म्हणालो. “नॉट चिल्ड्रन. माय वाइफ.” पुढचं, ती गेली हे, बोलता येईना. रॉननी दोरी खांबाला बांधली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना ते तेव्हाच ठाऊक होतं. त्या दिवशी उजाडल्यापासून ती वाकून रांगोळी काढत होती, हे त्यांनी खिडकीतून बघितलं होतं. मग त्यांनी विचारलं, तिचं नाव काय?

लग्न झाल्यापासून मी तिला ‘अगं’ म्हणत आलो, चारचौघांत ‘मुकुंदाची आई’. तिचं नाव कधी तोंडातून काढलंच नाही. आमच्याकडं नवरे काढत नसत. लाज, दुसरं काय.

“सुमन,” मी म्हणालो.

घरी आलो. चहा ठेवायला ओट्याशी गेलो. सवयीनं ‘अगं’ ओठावर आलं, ते थांबवलं आणि पुन्हा एकदा, हळूच, नाव घेतलं. कुठूनच कुणी ओ दिली नाही. आता मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते... तरी रोज सकाळी हाक मारतो.